सबजेलच्या भाकऱ्या

आमच्या तालुक्याच्या सबजेलमधून दोन कच्चे कैदी पळाले, त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ते बाहेर कसे पडले हे लगेच कळलं. पण गज कापायचं पातं त्यांच्याकडे आलं कुठून आणि बाहेर पडून ते गेले कुठे, हे पोलिसांना कधी कळलं नाही आणि गावालाही नाही. आमच्या भागातल्या त्या वेळच्या कुणालाही विचारा, तो आपली एक तरी कहाणी सांगेल. माझ्याजवळ तशी कहाणी नाही. मला पक्कं ठाऊक आहे ते एवढंच, की पळण्याआधी त्यांनी शेवटची जी भाकरी खाल्ली ती माझ्या आईनं थापलेली होती. सबजेलच्या जेवणाचा ठेका तिच्याकडे होता.

साताऱ्याच्या पूर्वेला, माणच्या बाजूला आमचं गाव. तिथून सांगलीची हद्द जवळ आणि सातारा लांब. वडील मुंबईला कापडबाजारात हमाली करायचे, जत्रेला आणि दिवाळीला घरी यायचे. आईनं कचेरीच्या मागच्या गल्लीत खानावळ घातली होती. कोर्टाला आलेले पक्षकार, तलाठी, एस.टी.चे कंडक्टर जेवायला येत. पुढे तहसीलदार कचेरीनं सबजेलच्या जेवणाचं टेंडर काढलं तेव्हा कुणीतरी तिचा अर्ज भरून दिला आणि ते काम तिला मिळालं. त्या कामावर मी शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या वर्षी मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला घरी आले होते. शेवटचं वर्ष बाकी होतं.

सबजेल म्हणजे कचेरीच्या आवारातली दगडी इमारत. तीन खोल्या, पुढे गजांचा व्हरांडा, त्यापुढे पोलिसांची गार्ड. मोठे गुन्हेगार तिथे नसत. बांधावरून डोकी फोडलेले, दारू गाळलेले, जामीन द्यायला माणूस न मिळालेले असे दहा-बारा जण असायचे. आई त्यांना ‘आतली माणसं’ म्हणायची. कैदी हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही.

सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला टोपलीत भाकऱ्या, एका डब्यात आमटी, एकात भाजी घेऊन आई जायची. सुट्टीत असले की दुसरा डबा मी धरायची. फाटकावर गार्डचा हवालदार जेवणाची झडती घ्यायचा. आमटीत पळी फिरवायची, भाजी उकरायची आणि प्रत्येक भाकरी मोडून बघायची, असा नियम होता. चांगल्या भाकरीला तव्यावर पापुद्रा सुटतो, आत पोकळी होते, आणि तिथे काहीही सरकवता येतं. त्यामुळे नियम बिनकामाचा नव्हता. पण आत माणसांच्या ताटात पडायचे ते तुकडे.

हे आईला सुरुवातीपासून सलायचं. आमच्याकडे तुकडा दारावर आलेल्या मागत्याला घालतात, नाहीतर कुत्र्याला. पंगतीला बसलेल्या माणसाला अख्खी भाकरी वाढायची, मोडायची त्यानं त्याच्या हातानं. मग तो पाहुणा असो की वैरी. एकदा भावकीच्या भांडणात आत आलेला एक म्हातारा ताटाकडे बघत बसला. आई गजाबाहेरून म्हणाली, “आवं बाबा, जेवा की. गार हुतंय.”

म्हातारा म्हणाला, “जेवतो बाई. पर मी अजून मागत्या झालो न्हाई.”

संध्याकाळी फाटकावर गेल्यावर आईनं टोपली खाली ठेवली आणि हवालदारांना म्हणाली, “दादा, एक मागनं हाय. भाकरी मोडू नगा.”

हे हवालदार जतकडचे, कर्नाटकाच्या हद्दीजवळचे. आईला ते आक्का म्हणायचे. अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या, आणि आवाज मात्र एखाद्या मास्तरासारखा हळू. त्यांनी मान हलवली. “आक्का, नियम हाय. मी काय करू?”

“नियम बगायचा हाय ना? मग बगा. मी तुमच्या म्होरं एकेक भाकरी उलटीपालटी करून दावते. हातात घिऊन वजन बगा. उजेडाला धरा. पर तुकडं नगा करू. आतली मानसं हाईत, जनावरं न्हाईत.”

हवालदारांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. मग म्हणाले, “दाव.”

त्या दिवसापासून त्यांच्या पाळीला भाकरी अख्खी आत जाऊ लागली. ते एकेक भाकरी दोन्ही हातांवर घेत, उजेडाकडे धरत, काठ चाचपत आणि परत टोपलीत ठेवत. त्यांचं बघून बाकीचे शिपाईही तसंच करू लागले. जवळजवळ वर्षभर हे चाललं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. उलट मी हॉस्टेलवर मैत्रिणींना हे कौतुकानं सांगायची.

पळालेले दोघं साडू होते. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी चोरल्याचा आळ त्यांच्यावर होता. थोरला काटक आणि अबोल, धाकटा बोलका. धाकटा रोज आईला गजाआडून विचारायचा, “मावशे, आज काय बेत?” आई सांगायची, “बासुंदी हाय. पर वाटंत सांडली.” तो खो खो हसायचा. ते दोघं आत येऊन पाच-सहा महिने झाले होते, जामीन होत नव्हता.

त्या सकाळी आम्ही डबे घेऊन गेलो तर कचेरीच्या आवारात जत्रा भरलेली. फाटक बंद. मागच्या भिंतीजवळ माणसं टाचा उंच करून बघत होती. आमच्याकडे जेवायला येणारा एक कंडक्टर गर्दीतून आला आणि म्हणाला, “काकू, डबा परत न्या. दोन भाकऱ्या-आमट्या कमी झाल्या तुमच्या. साडू गेले.”

“कुठं गेले?” आई म्हणाली. तिला वाटलं जामीन झाला.

“गजातनं गेले.”

तिसऱ्या खोलीला मागच्या बाजूला एक उंच खिडकी होती. तिचा एक गज खालीवर दोन्ही ठिकाणी कापलेला होता. तेवढ्या फटीतून लेकरू जाईल की नाही अशी शंका यावी, आणि हे दोन बाप्ये तिथून गेले होते. आत घोंगड्या नीट घड्या घालून ठेवलेल्या, त्यावर ताटं उपडी घातलेली. बाकीच्यांनी आम्ही झोपलो होतो एवढंच सांगितलं आणि शेवटपर्यंत त्यात बदल केला नाही.

थोड्या वेळानं नायब तहसीलदारांनी आईला आत बोलावलं. मी मागून गेले. ते तरुण होते, नव्यानंच आलेले, घामाघूम झाले होते. टेबलावर कागदावर तो कापलेला गज ठेवला होता. त्याच्या टोकाला काचा बसवायच्या लुकणासारखं काळपट काहीतरी चिकटलेलं होतं. एवढा लोखंडी गज एका रात्रीत कापून होत नाही. महिनाभर तरी ते रोज थोडं थोडं कापत असणार, आणि दिवसा चीर दिसू नये म्हणून ती बुजवत असणार.

“हे काय आहे, सांगा बरं,” साहेब म्हणाले.

आईनं ते नखानं टोकरलं, बोटांत चुरडलं, वास घेतला. मला आतून वाटत होतं, नाही म्हण, ओळखू नकोस. आई म्हणाली, “भाकरी हाय सायेब. चावून लावल्याली. वर काजळी फासलीय. जुंधळ्याची हाय. माजीच.”

कोपऱ्यातला एक शिपाई हसू दाबत म्हणाला, “सिमिटापरास घट बसलीय की ओ काकू.”

“ताजी खाल्ली असती तर मऊ लागली असती,” आई म्हणाली. “ठिवून ठिवून चावली त्येंनी. माझ्या भाकरीला नाव ठिवू नगंस.”

त्यातलं कसब मात्र खरंच थक्क करणारं होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं. प्रयोगशाळेत आम्ही कसलं कसलं सिमेंट आणि मेण वापरायचो, पण उष्ट्या भाकरीत काजळी कालवून लोखंडाचा रंग जमवायचा आणि रोज चार वेळा फिरणाऱ्या पोलिसाच्या नाकासमोर तो महिनाभर टिकवायचा, ही अक्कल कुठल्याही पुस्तकात नव्हती. ज्यांच्या मोटारी गेल्या होत्या ते शेतकरीसुद्धा शिव्या घालता घालता मधेच थांबून म्हणत, “पर गड्या, डोस्कं लावलं बग!” साडू साडूचं कधी पटत नाही अशी आमच्याकडे रीत, आणि हे दोघं एका गजाच्या फटीतून एकमेकांना ढकलत बाहेर पडले, याचं बायकांना जास्त नवल होतं.

मग गावात पैजा लागू लागल्या. कुणी म्हणे ते महाबळेश्वरला टॅक्सी चालवतात, पाहुण्यानं डोळ्यांनी बघितलं. कुणी म्हणे पाचगणीजवळ स्ट्रॉबेरीच्या मळ्यात पाणी धरतात. कुणी त्यांना विजापुरात पान खाताना पाहिलं होतं. आमच्या खानावळीत तर चेष्टेला ऊत आला. एक म्हणायचा, “काकू, तुमी उपाशी मारलं म्हनून तर वाळून फटीतनं गेली.” दुसरा म्हणायचा, “छ्या! लोखांड कापायचं बळ कुठनं आलं मग? काकूच्याच आमटीनं.” आई पोळपाट आपटत म्हणायची, “तू चार वर्सं झाली खातूयास रं माझी आमटी. तुज्यानं सुपारी तरी फुटती का?”

हसणं चार दिवस टिकलं. मग पोलीस घरी आले. त्यांनी पिठाचे डबे जमिनीवर ओतले, सरपण उचकलं, पीठ चाळणीनं चाळलं. काही सापडलं नाही. ते गेल्यावर आई पीठ सुपात भरत म्हणाली, “चाळून दिलं, तेवडंच काम हलकं झालं.”

त्याच संध्याकाळी गार्डवरचा एक शिपाई जेवायला आला. तो घास हातात धरून बसला होता. आईनं विचारल्यावर म्हणाला, “मामाला सस्पेंड केलंय.” हवालदारांना सगळे शिपाई मामा म्हणत. “साताऱ्याहून चौकशी आलीय. भाकऱ्या मोडून का बघत नव्हता, म्हनून धरलंय. पातं भाकरीतनंच आलं असनार असं म्हनत्यात. रिटायरला दीड वरीस ऱ्हायलंय मामाचं. बडतर्फ केलं तर पेन्शन गेली. पोरगी लग्नाची हाय.”

“त्येनी सांगितलं न्हाई का, मी मोडू नगा म्हनलं हुतं म्हनून?” आई म्हणाली.

“न्हाई ना. आमी सगळ्यांनी सांगितलं, मामा, खरं काय ते बोल. तर म्हनतो, मला कुनी सांगितलं न्हवतं, माझाच कंटाळा. तुमचं नाव घिऊ दिलं न्हाई कुनाला. आमालाबी दम दिलाय.”

आई उठून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आईच्या नावे नोटीस आली. ठेकेदार म्हणून तिनं तीन दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता: जेवण कुठे शिजतं, कोण नेतं, फाटकावर तपासणी कशी होते. आईला लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, “बाय, तू शिकलीस ती कशासाटी? बस, मी सांगते तसं लिव्ह.”

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. पीठ कुठून आणते, चुलीपाशी कोण असतं, टोपली कोण उचलतं. मग ती म्हणाली, “आता लिव्ह. हवालदारदादा आदी भाकरी मोडून बगत व्हते. मी हात जोडून सांगितलं, मोडू नगा. माझ्या शब्दाखातर त्येंनी मोडायचं सोडलं. लिवलंस?”

मी म्हणाले, “लिहिलं.”

मी लिहिलं नव्हतं. पेन कागदावर हलवत मी वेगळंच वाक्य लिहिलं होतं, की तपासणी शासकीय नियमानुसार पोलीस कर्मचारी करत, त्याच्याशी ठेकेदाराचा संबंध नव्हता. खोटं त्यात तसं काही नव्हतं. पण मला माझं शेवटचं वर्ष दिसत होतं, हॉस्टेलची खोली दिसत होती. ते एक वाक्य कागदावर गेलं की ठेका गेला, हे कळायला पदवी लागत नव्हती. आणि हवालदारांनी स्वतःच तिचं नाव टाळलं होतं. मग आपण कशाला ओढवून घ्यायचं, असं मी मनाशी म्हटलं.

“वाच आता समदं,” आई म्हणाली.

मी वाचलं. त्या जागी आल्यावर भरभर वाचून पुढे गेले. आईनं हात वर केला.

“थांब. मोडू नगा म्हनलं ते कुठं गेलं?”

मी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “आई, ते लिहिलं तर काम जाईल. पुढच्या वर्षी मी काय करू? ते स्वतःच तुझं नाव घेत नाहीत. तू गप्प बसलीस तर तुला कोण विचारणार आहे?”

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. तिनं माझ्यासमोरचा कागद उचलला, न वाचता येणाऱ्या त्या ओळींकडे बघितलं आणि परत माझ्यापुढे ठेवला.

“त्यो मानूस नियमावर चालला व्हता,” ती म्हणाली. “मी त्याला वाट सोडायला लावली. शबुद माझा आन् शिक्षा त्याला? त्याच्या घरात बी पोरगी हाय. तुझं शिकनं त्याच्या पेन्शनीवर करायचं व्हय गं? तसलं शिक्शान मला नगं. लिव्ह.”

मी नवा कागद घेतला. या वेळी तिनं एकेक वाक्य झाल्यावर वाचून घेतलं. शेवटी अंगठा उठवताना ती म्हणाली, “शाई जादा लाव. नीट उठू दे.” त्या कागदाइतकी लाज मला पुढे कशाची वाटली नाही. आणि त्या बाईच्या पोटी जन्मले याचा अभिमानही तिथेच, त्याच पाटावर बसून वाटला.

चौकशी कचेरीच्या वरच्या खोलीत होती. साताऱ्याहून आलेले अधिकारी वयस्कर, चष्मा कपाळावर ढकललेला. एका बाजूला हवालदार उभे होते, साध्या कपड्यांत. वर्दीशिवाय ते मला एकदम म्हातारे वाटले. आईला पाहताच त्यांनी मान वळवली.

अधिकाऱ्यांनी खुलासा वाचला, मग दुसरा एक कागद काढून वाचला, मग पुन्हा पहिला. “बाई,” ते म्हणाले, “हवालदार लिहून देतात की भाकरी मोडू नका असं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. तुम्ही लिहिता की तुम्ही सांगितलं होतं. कोण खरं?”

“मी सांगितलं व्हतं सायेब.”

“न्हाई साहेब,” हवालदार मधेच बोलले. “आक्काला नियम म्हाईत न्हाईत. माझी ड्यूटी व्हती. तिनं सांगो न सांगो, मी ऐकायला नको व्हतं.”

“दादा, तुमी गप बसा,” आई म्हणाली. “म्हातारपनी खोटं बोलायचं शिकू नगा.”

“अगं पर तुझा ठेका जाईल!”

“जाऊ द्या. मी खानावळवाली हाय. कुनाला तरी जेवू घालीनच.”

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर आणला. ते म्हणाले, “तीस वर्षांच्या नोकरीत चौकशा पुष्कळ केल्या. प्रत्येक जण बोट दुसऱ्याकडे दाखवतो. इथे दोघंही आपल्याकडेच दाखवता आहात. लिहू तरी काय मी?” कारकून खाली मान घालून हसला. मग ते गंभीर झाले. टेबलावर अर्ध्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा होता, बाजारातून आणलेला. त्यांनी तो पुढे सरकवला. “एक स्पष्ट सांगा. असं पातं तुमच्या भाकरीतून आत जाऊ शकतं का?”

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. त्या दिवशीच्या टोपलीतल्या काही भाकऱ्या पुराव्याला म्हणून मागवलेल्या होत्या. आईनं त्यातली एक घेतली, काठाला नखानं बारीक चीर दिली आणि ते पातं पापुद्र्याखाली अलगद सरकवलं. मग भाकरी पालथी करून अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उजेडाला धरली, काठ चाचपले. काही दिसत नव्हतं.

“जाऊ शकतं,” आई म्हणाली. “मी घातलं न्हाई. माझ्या टोपलीत दुसऱ्या कुनी घातलं असंल असंबी मला वाटत न्हाई, वाटंत टोपली मी डोक्यावरनं खाली ठिवत न्हाई. पर जाऊच शकत न्हाई असं मी म्हननार न्हाई. तुमी इचारलं, मी दावलं.”

स्वतःच्या गळ्याभोवतीचा फास कुणी इतक्या शांतपणे दुसऱ्याच्या हातात दिलेला मी पाहिला नव्हता. अधिकाऱ्यांनी ती भाकरी टेबलावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, “आणि मोडू नका असं का सांगितलंत?”

“तुकडं मानसाला वाढत न्हाईत सायेब.”

त्यांनी कारकुनाला सांगितलं, “हे जसंच्या तसं घ्या.”

निकाल यायला पावसाळा उलटला. हवालदार बडतर्फ झाले नाहीत. निष्काळजीपणाबद्दल त्यांची वेतनवाढ रोखली, बदली लांब केली, पण नोकरी राहिली आणि पेन्शनही राहिली. हुकमात ‘ठेकेदाराच्या विनंतीवरून’ असे शब्द होते, त्यामुळे त्यांनी स्वतःहून केलेला तो कामचुकारपणा ठरला नाही, असं शिपायांनी आम्हाला समजावून सांगितलं. बदलीवर जाण्याआधी ते बायको-मुलीला घेऊन आले. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, लाजरी. हवालदार ओट्यावर बसून आईला म्हणाले, “आक्का, तू मला खोटं पाडलंस.” आणि त्यांचा तो हळू आवाज आणखीच हळू झाला. आई म्हणाली, “च्या घ्या. निवतोय.”

आमचा ठेका गेला. पातं कुठून आलं याचा उलगडा झाला नाही. भाकरीतून आलं असं सिद्ध झालं नाही आणि आलं नाही असंही झालं नाही. छपराची कौलं बदलणारे गवंडी, भेटीला येणारे नातेवाईक, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. साडू मिळाले नाहीत ते नाहीतच. नंतर सबजेलच्या खिडकीला दुहेरी जाळी बसली आणि भाकरी पुन्हा मोडून आत जाऊ लागली.

माझं शेवटचं वर्ष झालं, ते हॉस्टेलच्या रेक्टर बाईंमुळे. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला मेसमध्ये सकाळच्या पोळ्यांचं काम दिलं आणि खोली तशीच ठेवली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पदवीचा कागद घेऊन घरी आले तेव्हा आईनं तो पीठ लागलेल्या हातानं धरू नये म्हणून पदरानं धरला. आज मी शाळेत विज्ञान शिकवते.

पण त्या सगळ्यातला एक दिवस मला सारखा आठवतो. नवा ठेका बाजारपेठेतल्या एका हॉटेलवाल्याला मिळाला होता. त्याचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आई मला घेऊन त्याच्या दारात गेली. तो बिचारा घाबरलाच. त्याला वाटलं बाई भांडायला आली.

“बस की वैनी,” तो म्हणाला. “टेंडर रीतसर भरलंय मी. माझा काय गुना न्हाई.”

“न्हाईच मुळी,” आई म्हणाली. “मी दुसरंच सांगाया आलेय. पहिल्या खोलीत एक जन हाय, त्याचं दात पडल्यात, त्याला भाकर आमटीत भिजवून जरा लवकर दे. मधल्या खोलीतल्या काळ्या पोराला तिकाट सोसत न्हाई, पोटात आग पडती त्याच्या. तो सांगनार न्हाई, गुमान खाईल आन् रात्रभर तळमळंल. आन् तिसऱ्या खोलीत नवा आलाय, त्याचा सोमवार असतोय. त्या दिवशी शाबू न्हाई जमला तर दोन केळी तरी टाक. ध्येनात ऱ्हाईल का रं? का पोरीला लिवून द्यायला सांगू?”

हॉटेलवाला गल्ल्यावरून उठला होता. त्यानं खिशातून पेन काढलं, बिलाच्या वहीचं पान फाडलं आणि ते माझ्या हातात दिलं. आई पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, आणि मी ती म्हणेल तसं, एकही शब्द न गाळता, लिहून घेतलं.